उत्तर खांबाच्या शेजारी

शाळेत मी मुलांना कोडी घालायचे. फळ्यावर तीन नावाडी, तीन होड्या, तीन मासे. पहिल्याला बोनिटो मिळाला नाही, निळी होडी दुसऱ्याची नाही, असली चार वाक्यं लिहून द्यायची आणि मुलांनी चौकोन आखून, फुल्या मारत, कुणाच्या होडीत कुठला मासा ते शोधून काढायचं. हे खूळ आमच्या बेटावर आणलं मीच. राजधानीत, तारावाला, शिक्षिकेचं शिकत होते तेव्हा एक ऑस्ट्रेलियन बाई मायदेशी परतताना कोड्यांच्या मासिकांचा गठ्ठा माझ्या गळ्यात टाकून गेल्या. माझ्या सासूबाई, कामाउआ, त्या मासिकांकडे बघून नाक मुरडायच्या. म्हणायच्या, "मासा कुणी धरला हे ज्याने धरला त्याला विचारावं. फुल्या मारत काय बसायचं?"

माझा मुलगा माझ्याच वर्गात होता, आणि वर्गात मला सर्वांत जास्त छळणारा तोच. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. एकदा मी कोड्यात मनेआबा घातला. मनेआबा म्हणजे गावाचं मोठं छप्पर, आणि त्याच्याखाली प्रत्येक घराण्याची बसायची जागा पिढ्यान्पिढ्या ठरलेली. मी लिहिलं होतं, 'कासववाले शार्कवाल्यांच्या शेजारी बसतात.' याचा हात वर.

"बाई, शेजारी म्हणजे कुठल्या बाजूला?"

"कुठल्याही."

"मग दोन उत्तरं येतात. आणि मनेआबा कुठला? आपला की दुसऱ्या बेटावरचा? तिथे जागा वेगळ्या असतात."

"उगाच फाटे फोडू नकोस."

"मी कुठे फोडतोय? तुमच्या वाक्यालाच आहेत ते."

सगळा वर्ग खिदळला. मी त्याला बाहेर केवड्याच्या झाडाखाली उभं केलं, तर तिथूनही तो खिडकीतून हसत होता. पुढे तो सतरा वर्षांचा झाला, माझ्यापेक्षा हातभर उंच झाला, बापाची होडी चालवायला लागला, पण ही खोड काही गेली नाही. "आई, नीट सांग," हे त्याचं पालुपद. मी म्हणायचे, जरा पाणी आण. तो म्हणायचा, पिण्याचं की धुण्याचं. कधीकधी मला त्याच्या डोक्यात टपली मारावीशी वाटायची.

त्या वर्षी शेजारच्या बेटाने मनेआबाचं छप्पर नव्याने शाकारलं आणि आम्हाला जेवणाचं आवतण आलं. आमच्याकडून तीन होड्या निघाल्या, तीन घराण्यांच्या. आमच्या मनेआबात उत्तरेच्या खांबाला बसतात धर्मोपदेशकाच्या घरचे, मधल्या खांबाला रोसियाच्या सासरचे, दक्षिणेच्या खांबाला आम्ही. रोसिया माझी जुनी विद्यार्थिनी. नुकतंच लग्न झालेलं, पहिल्यांदाच पोटुशी, म्हणून ती घरी राहिली आणि तिचा नवरा गेला. आमच्या होडीत माझा मुलगा आणि माझा चुलत दीर. माझा नवरा जर्मन मालवाहू जहाजावर नोकरीला, तेव्हा कुठल्या समुद्रात होता देव जाणे.

पहाटे निघाले तेव्हा पाणी तेलासारखं शांत होतं. मुलाने होडीत केळीच्या पानांत गुंडाळलेला बाबाईचा शिजवलेला कंद ठेवला, माझ्याकडे बघून म्हणाला, "संध्याकाळपर्यंत येतो," आणि मग स्वतःच हसून, "आजच्या नाही, उद्याच्या." मी शाळेत गेले. मुलं प्रार्थना म्हणत होती आणि पश्चिमेचा वारा सुटला.

पश्चिमेचा वारा आमच्याकडे कुणालाच नको असतो. बघता बघता आभाळ काळवंडलं, नारळ एका बाजूला झुकले, शाळेच्या मैदानावर खारा फेस उडून आला. मी मुलांना घरी सोडलं.  तासाभरात वारा थोडा पडला, पण समुद्र बाहेरून गर्जतच होता.

होड्या पाण्यात असताना वारा फिरला, तर त्या होड्यांतल्या कुणाचंही नाव आमच्या बेटांवर कुणी घेत नाही. शेवटची होडी वाळूला लागेपर्यंत नाही. नाव कळलं की समुद्र ते ठेवून घेतो, असं म्हणतात. नाव नाही, होडीचा रंग नाही, अंगावरची खूणही नाही. बोलायचंच झालं तर मनेआबातल्या जागेवरून बोलायचं, फलाण्या खांबाकडचे, त्यांच्या समोरचे, त्यांच्या मागचे. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर मी वर्गात विनोद करायचे. त्या दिवशी मात्र माझ्या जिभेवर त्याचं नाव आलंच नाही. ते आवरावंसुद्धा लागलं नाही, इतकी मी घाबरले होते.

बेटावर एकच रेडिओ, पंचायतीच्या कचेरीत. दुपारच्या वेळेला सगळं गाव तिथे जमलं. रेडिओवर तावाया बसला होता, एरवी पत्ते कुटणारा, आज घामाने भिजलेला. त्याच्या शेजारी म्हातारा बेतेरो, मनेआबात पहिला शब्द त्याचा. पाठीमागे आम्ही बायका. रोसिया माझ्या बाजूलाच होती. 

खरखर झाली आणि पलीकडच्या बेटावरच्या काइसिराचा आवाज आला. काइसिरा रीतीभातीला पक्का. त्याने सावकाश, शब्द मोजून सांगितलं:

"दोन होड्या आमच्या वाळूवर आहेत. उत्तरेच्या खांबाकडचे जेवायला बसलेत. त्यांच्या शेजारची जागा रिकामी आहे. ओव्हर."

तावायाने आणखी काही विचारायला बटण दाबलं, तोवर नुसती खरखर उरली होती. त्यांची बॅटरी म्हातारी. ऊन कलल्यावर पुन्हा बोलायचं, अशी ठरलेली वेळ होती.

 उत्तरेच्या खांबाच्या शेजारी मधला खांब. सगळ्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं, आणि मग हळूहळू एकेकाची नजर रोसियाकडे वळली.

माझा जीव भांड्यात पडला. हे मी झाकून ठेवत नाही. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, त्यांनी ते सोडलं आणि तिथे त्यांच्या बोटांचे वळ उठलेले मला दिसले. आमची जागा दक्षिणेला. आमची होडी वाळूवर आहे. माझा मुलगा हात धुऊन जेवायला बसतोय आणि कुणाच्या तरी वाक्याला फाटे फोडतोय. 

रोसिया रडली नाही. ती तावायाला म्हणाली, "पुन्हा लाव ना."

"ते आता बंद करतात गं. ऊन कललं की."

"एकदाच लाव."

तावायाने मान खाली घातली. बायकांनी तिला उठवून घरी नेलं, चटईवर निजवलं, ताडीच्या गुळाचं पाणी पाजलं. ते तिने तोंडातच धरून ठेवलं. मीही गेले. माझं सुख कुणाला दिसू नये म्हणून मी पंखा हातात घेतला आणि तिला वारा घालत बसले.

बाहेर बेतेरोने शोधाची होडी काढायला सांगितली. इंजिनाची होडी एकच, आणि मालाचं जहाज आलेलं नसल्याने पेट्रोल एका फेरीपुरतं. तेव्हा कुठल्या बाजूला जायचं हे आधीच ठरवणं भाग होतं. ठरवायला वेळ लागला नाही. मधल्या खांबाकडचे नेहमी आतल्या वाटेने जातात, पश्चिमेच्या खडकांच्या आडोशाने. आमचे जातात बाहेरून, खोल पाण्यातून. माझ्या मुलाला आतली वाट म्हणजे म्हाताऱ्यांची वाट वाटायची. होडी पश्चिमेच्या खडकांकडे जाणार होती.

रोसियाने डोळे उघडले. "बाई, तुम्ही शाळेत सांगायचात ना, सगळ्या फुल्या मारून झाल्या की एकच चौकोन उरतो."

"हं."

"माझाच उरला."

 मी पंखा हलवत राहिले आणि सवयीने काइसिराचं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. माझी ती खोडच आहे, कुणाचंही वाक्य मी दोनदा म्हणते. उत्तरेच्या खांबाकडचे. त्यांच्या शेजारची जागा. आणि माझ्या कानाशी कुणीतरी अगदी स्वच्छ विचारलं, बाई, मनेआबा कुठला? आपला की दुसऱ्या बेटावरचा?



पलीकडच्या मनेआबात मी एकदाच बसलेले आहे, माझ्या लग्नाच्या वेळी. तेव्हाचं छप्पर गळत होतं आणि पाणी नेमकं माझ्या खांद्यावर पडत होतं, म्हणून जागा पक्की लक्षात राहिली. सासूबाईंची आई त्या बेटावरची, त्या नात्याने आम्हाला तिथे मानाची जागा आहे. उत्तरेच्या खांबाला लागून. धर्मोपदेशकाच्या घरचे तिथेही उत्तरेलाच, पण रोसियाच्या सासरचे समोरच्या रांगेत बसतात, खाडीच्या बाजूला.

मी स्वतःला समजावायला लागले. काइसिरा आमच्याशी बोलत होता, तेव्हा तो आमच्याच मनेआबाच्या जागा धरून बोलला असणार. पाहुण्याला कळेल असं बोलणं ही रीतच आहे. बेतेरोला तसंच वाटलं, सगळ्या गावाला तसंच वाटलं. आपलं छप्पर सोडून दुसरं छप्पर असतं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच येत नाही. वाक्याचे दोन अर्थ होत होते, दोन्ही सरळ. एकात रोसियाचा नवरा हरवला होता. दुसऱ्यात माझा मुलगा.

मला कुणी विचारलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर ऊन कलेपर्यंत माझा मुलगा जेवत राहिला असता. मला ते फार हवं होतं. हातातला पंखा केव्हा थांबला ते मला कळलं नाही.

पण एकदा कोडं दिसलं की मला ते सोडवता येतं, सोडून देता येत नाही. काइसिरा 'त्यांचे शेजारी आले नाहीत' असं म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, जागा रिकामी आहे. आपण ते नुसतं रीतीचं आडवळण धरलं. पण रिकामी जागा माणूस तेव्हाच म्हणतो, जेव्हा ती त्याला दिसत असते. आमच्या मनेआबात आज कोण होतं? तिन्ही घराण्यांचे पुरुष बाहेर, तिन्ही जागा रिकाम्या. तिथे एकच रिकामी आहे असं म्हणण्यात अर्थ नव्हता. तो पलीकडे, नव्या छपराखाली, पाहुण्यांच्या पंगतीसमोर उभा राहिलेला आणि त्याला जे दिसलं ते त्याने येऊन सांगितलं. उत्तरेचे जेवताहेत. त्यांच्या शेजारी कुणी नाही.

मी फुली मारली. 

"काय झालं, बाई?"

"रोसिया, तो चौकोन बहुतेक तुझा नाही."

"मग कुणाचा?"

 ती माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून बसली.

मी किनाऱ्याकडे धावत गेले. गेली कित्येक वर्षं मी धावलेले नव्हते. होडी पाण्यात ढकललेली होती, तावाया कंबरभर पाण्यात उभा राहून पेट्रोलचा डबा वर देत होता. बेतेरो वाळूवर काठी टेकून उभा, आणि सासूबाई इतर म्हाताऱ्यांबरोबर बसलेल्या.

"आजोबा, थांबवा त्यांना," मी म्हटलं. "बाहेरच्या बाजूला पाठवा. खोल पाण्यात."

"का?"

"काइसिरा त्यांच्या मनेआबाचं बोलत होता. आपल्या नाही."

बेतेरोने माझ्याकडे बघितलं. "पोरी, तुझी शाळा इथे नको."

"एकच विचारते. आत्ता आपल्या मनेआबात कुठली जागा भरलेली आहे?"

"कुठली असणार? आज तिथे कुणी बसलेलंच नाही."

"मग तो एकच रिकामी जागा बघून कसा बोलला? कुठे बघून बोलला?"

म्हातारा काठीने वाळू उकरत राहिला. तोवर सासूबाई उठून माझ्यापाशी आल्या होत्या. त्या हलक्या आवाजात, दात आवळून बोलल्या.

"गप्प बस. कळतंय का काय बोलतेस ते? स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या घरावर ओढवून घेतेस?"

"घेत नाही, आई. ते आधीच आलेलं आहे."

"तुझ्या त्या फुल्या. चुलीत घालायला हवी होती ती मासिकं."

"घाला. पण आधी होडी बाहेर जाऊ दे. मी चुकले असेन तर जन्मभर मला बोला."

बेतेरो सासूबाईंकडे वळला. "कामाउआ, तुझ्या आईचं घर तिथलं. त्यांच्या मनेआबात तुमची जागा कुठे?"

सासूबाई समुद्राकडे बघत होत्या. लाटा येत होत्या, जात होत्या, तावाया डबा डोक्यावर धरून थांबला होता.  मला वाटलं त्या खोटं सांगणार, आणि खरं सांगायचं तर त्यांनी सांगितलं असतं तर मी ते मानलंही असतं, इतकी माझी ताकद संपत आली होती.

"उत्तरेच्या खांबाला लागून," त्या म्हणाल्या आणि होत्या तिथेच वाळूत बसल्या.

बेतेरोने काठी उचलून बाहेरची बाजू दाखवली. होडी वळली, खडकांमधल्या फटीतून निघाली, पहिल्या मोठ्या लाटेवर उभी राहिली आणि पलीकडे गेली.

ऊन कलेपर्यंत मी कचेरीच्या पायरीवर बसून विचारायचं वाक्य जुळवत होते. काइसिराच्या उत्तराचे पुन्हा दोन अर्थ व्हायला नकोत. 'तुमच्या की आमच्या' म्हटलं तर घोळ होणार, कुणाचं तुमचं आणि कुणाचं आमचं. मी वाक्य बांधायचे आणि मग माझ्या मुलासारखी त्याच्यात खुसपट काढायचे. ते करताना मला तो जवळ असल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटलं की भीती आणखी वाढत होती. माझे हात बर्फासारखे पडले होते. रोसिया येऊन माझ्या खालच्या पायरीवर बसली.  तिला सुख झालं असेल तर ते तिनेही लपवलं होतं.

शेवटी मी तावायाला सांगितलं, "असं विचार. नवं छप्पर घातलंत त्या मनेआबात, आज दुपारी, उत्तरेच्या खांबाला लागून जी जागा आहे, तिथे कुणी बसलं होतं का?"

बेतेरोने विचार केला. "यात कुणाचं नाव नाही, खूण नाही. विचार."

तावायाने विचारलं. खरखर झाली. काइसिरा वैतागलेला होता.

"दुपारी तेच तर सांगितलं. मी इथे बसून तुमचं छप्पर कसं बघणार? ती जागा रिकामी आहे. अजून रिकामीच आहे. समोरच्या रांगेतले आलेत, पण त्यांच्यातला एक घासही खात नाही. घरी बायको एकटी आहे, ती घाबरली असेल, असंच चाललंय त्याचं." मग आपण जास्त बोललो हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो थांबला आणि हलकेच म्हणाला, "ओव्हर."

रोसियाच्या घशातून आवाज निघाला. दोन्ही हातांनी तिने तो दाबला. मग तेच दोन्ही हात तिने माझ्या हातांवर ठेवले आणि ते गरम करायचा प्रयत्न करत बसली. मी बरोबर सोडवलं होतं. आयुष्यात इतकं बरोबर मी काहीच सोडवलं नव्हतं.

शोधाची होडी अंधार पडायच्या आत रिकामी परतली. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर पुन्हा गेली, पलीकडच्यांनीही होड्या काढल्या, तारावाहून विमान येऊन घिरट्या घालून गेलं. काही मिळालं नाही. फळी नाही, वल्हं नाही, बाबाईभोवतीचं केळीचं एक पानही नाही. लोक मला सांगायचे, निदान योग्य बाजूला शोधलं. ते चांगल्या मनाने सांगायचे. मला ते ऐकवत नसे.

शोध थांबला की आमच्याकडे सगळे मनेआबात जमतात. आधी परत आलेल्यांची नावं घेतली जातात, मोठ्याने, एकेक. मग जो आला नाही त्याच्या आईने त्याचं नाव एकदा घ्यायचं, म्हणजे रडायला मोकळीक होते. माझ्या दिराच्या आईने त्याचं नाव घेतलं. माझी पाळी आली. दक्षिणेच्या खांबाशी मी बसले होते, सगळं छप्पर माझ्याकडे बघत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

"घे, पोरी," बेतेरो म्हणाला. "घेतल्याशिवाय तुला झोप लागायची नाही."

"दोन शक्यता आहेत, आजोबा," मी म्हटलं. "बुडाला, किंवा वाहत गेला. वाहत गेलेले लोक महिनोन् महिने पाऊस पिऊन जगलेत, भलत्याच बेटांवर निघालेत. तुम्हीच सांगता त्या गोष्टी. एकीवर फुली मारायला मला कुणी काही सांगितलेलं नाही."

मला वाटलं सासूबाई चिडतील. त्या फक्त जरा सरकून मला टेकून बसल्या. तेव्हापासून त्या माझ्या कोड्यांना हसत नाहीत. मासिकं त्यांनीच उचलून, कोरड्या जागी, छपराखालच्या फळीवर ठेवली आहेत.

रात्री मात्र मला झोप लागत नाही, बेतेरोचं ते खरं ठरलं. मी वाक्यं लावत पडते. पाऊस झाला असेल तर पाणी आहे. पाणी असेल तर दिवस आहेत. वारा पश्चिमेचा होता तर होडी पूर्वेला गेली, आणि पूर्वेला फार लांबपर्यंत काहीच नाही. इथे येऊन मी थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

रोसियाला मुलगा झाला. अंगणातून ती बाळाला घेऊन येताना दिसली, मागे तिचा नवरा इओतेबा, हातात नवी चटई घेऊन, अवघडलेला. मला लगेच कळलं ते कशासाठी आलेत. ज्याचे उपकार मानायचे त्याच्या घरातलं नाव मागून बाळाला ठेवतात. आणि नाव द्यायचं तर ते मला उच्चारावं लागणार. एकदा उच्चारलं की संपलं. शोधाच्या दिवशी घाबरले नव्हते इतकी मी त्या पाच पावलांवरच्या बाळाला घाबरले. मी आत जाऊन दार लावायच्या बेतात होते.

"बाई," रोसिया पायरीशीच थांबून म्हणाली, "नाव तुमच्याकडचंच ठेवायचंय."

मी खांब धरला.

"पण आत्ता नको," ती म्हणाली. "ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय कसं घ्यायचं? तो आला की विचारू. नाहीतर येऊन म्हणेल, कोणतं नाव, माझं की तुझ्या पोराचं, नीट सांग."

इओतेबाने चटई पुढे केली. मला ती घेता येईना, सासूबाईंनी घेतली. बाळ झोपेत तोंड वाकडं करत होतं.

"तोवर त्याला काय म्हणायचं?" मी विचारलं.

"तोवर बाळच."

ते बाळ आता चालतं. माझ्या शाळेच्या दारात येऊन बसतं आणि फळ्यावरच्या चौकोनांकडे बघतं. सगळं गाव त्याला बाळ म्हणतं. धर्मोपदेशक दर रविवारी रोसियाला टोकतो की वहीत नाव लिहायचं राहिलंय, बिननावाचं मूल बरं नाही. ती त्याला प्रत्येक वेळी एकच सांगते, एक चौकोन अजून रिकामा आहे.